पुढे धावणारा राइट बॅक: बसवायचा, विंगवर टाकायचा की आहे तिथेच ठेवायचा?

आधी उत्तर देतो, कारणं मग. बसवू नका. विंगवर, म्हणजे पुढे कडेने हल्ला करायलाही, टाकू नका. राइट बॅकच, म्हणजे बचावफळीत उजव्या टोकालाच, राहू द्या. पुढचे काही आठवडे त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घ्या आणि त्याच्या बाजूच्या हाफकडून, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूकडून, दुसरी एक.

तुमची अडचण मला समजली ती अशी. तुम्ही कोच आहात त्या सतरा वर्षांखालच्या संघात एक राइट बॅक आहे. मान वर ठेवून खेळतो आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोरचा बॉल, असा टाकतो की स्ट्रायकरला फक्त डोकं लावायचं काम उरतं. संघाचे बरेचसे गोल त्याच्या पायातून निघतात. पण खाल्लेले गोलही जास्त करून त्याच्याच बाजूने येतात. क्लबचे सेक्रेटरी म्हणतात बसवा, जोडीदार कोच म्हणतात विंगवर टाका आणि मुलाचे वडील म्हणतात त्याला मोकळं सोडा. मॅच संपली की तिघेही गेटवर तुमचीच वाट बघत उभे.

‘त्याच्या बाजूने गोल झाला’ हे वाक्य मैदानाच्या कडेला उभं राहून मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यात खरं किती, हे क्वचितच कुणी तपासतं. बॉल उजवीकडून आत आला की चूक राइट बॅकची, खापर फोडायला जवळचं डोकं तेच. पण गोल होण्याआधीची आठ-दहा सेकंदं नीट बघितली तर या गोलांचे तीन वेगळे प्रकार निघतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

एक म्हणजे हल्ला चालू असताना तो वर गेलेला असतो, बॉल दुसराच कुणीतरी घालवतो आणि समोरचे त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत लांब बॉल टाकतात. दुसऱ्यात तो जागेवर असतो, समोर विंगर बॉल घेऊन येतो आणि त्याला काढून निघून जातो. तिसऱ्यात बॉल पार दुसऱ्या टोकाला, आपल्या डाव्या बाजूला असतो. तिथून क्रॉस येतो आणि लांबच्या पोलवर, म्हणजे गोलच्या पलीकडच्या खांबाजवळ, तुमच्या राइट बॅकच्या पाठीमागून, कुणीतरी येऊन बॉल आत ढकलतो.

पहिल्या प्रकारचा गोल संघाचा आहे. वर जा असं त्याला तुम्हीच सांगितलंत. मागे कोण थांबणार हे कुणालाच सांगितलं नसेल, तर तो गोल तुमच्या नावावर लिहा. दुसऱ्यातले काही त्याचे, काही त्याला एकटं सोडणाऱ्यांचे. तिसरा बहुतेक वेळा पूर्णपणे त्याचाच आणि गंमत म्हणजे त्या गोलाचा त्याच्या पुढे जाण्याशी काडीचाही संबंध नसतो.

इंग्लंडचा राइट बॅक ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड तुमच्या पोरांना पाठ असेलच. लिव्हरपूलसाठी २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये १२ असिस्ट (गोल करणाऱ्याला दिलेला शेवटचा पास), पुढच्या हंगामात १३. एका हंगामात इतके असिस्ट त्याआधी कुठल्याच बचावपटूच्या नावावर नव्हते. टीका काय, तर सारखा वर असतो, मागे जागा सोडतो. आता २८ मे २०२२ ची चॅम्पियन्स लीगची फायनल काढा, पॅरिसजवळची, रिअल माद्रिदविरुद्धची. ५९ वं मिनिट. वाल्वेर्दे माद्रिदच्या उजव्या बाजूने आला आणि त्याने बॉक्समध्ये जमिनीलगत आडवा बॉल मारला. लांबच्या पोलवर व्हिनिसियस एकटा. सामना तिथेच १-० ने गेला. त्या क्षणी अलेक्झांडर-अर्नोल्ड वर अडकला होता का? अजिबात नाही. तो घरीच होता, गोलच्या तोंडाशी. नजर बॉलवर आणि व्हिनिसियस पाठीमागे. ज्या गोलावरून त्याला आजही टोमणे बसतात, तो पुढे धावण्याचा दंड नव्हताच, मागे वळून न बघण्याचा होता. (त्याच रात्री समोरच्या कीपरने, कोर्तुआने, नऊ बॉल वाचवले, ते मात्र कुणी राइट बॅकच्या हिशेबात धरत नाही.)

म्हणून निर्णय घेण्याआधी तुमच्या संघाने खाल्लेले गोल या तीन खणांत टाका. त्यासाठी व्हिडिओ लागेल आणि तो पालक काढतात तसला नको. पालकांचा मोबाईल बॉलच्या मागे फिरतो, बॉल डावीकडे गेला की राइट बॅक चौकटीतून गायब. मुंबईच्या कूपरेज स्टेडियमला गॅलरी आहे, तिथे एखाद्या राखीव पोराला वरच्या पायरीवर बसवा. मोकळ्या मैदानावर मॅच असेल तर कुंपणाची भिंत, टेम्पोचा हौदा, जी उंची मिळेल ती घ्या. त्याला एवढंच सांगायचं: बॉल कुठेही जाऊ दे, कॅमेरा आपल्या राइट बॅकवरून हलवायचा नाही. दोन-तीन मॅच असं बघितलंत की सेक्रेटरींशी वाद घालायची वेळच येणार नाही, मोबाईल पुढे करायचा. माझा अंदाज विचाराल तर या वयात तिसरा खण सगळ्यात जास्त भरतो.

असं का होतं, ते मुंबईत राहणाऱ्याला समजायला अवघड नाही. आपली पोरं फुटबॉल शिकतात टर्फवर, पाच-पाच जणांत, चारही बाजूंना जाळी. तिथे ऑफसाइड नाही, बॉल जाळीला लागून परत येतो आणि दुसरं टोक एवढं जवळ की मान न वळवताही दिसतं. त्यातून पहिला टच सुधारतो, अंगावर आलेल्या माणसाला चकवता येतं, अरुंद जागेत पास देता येतो. तुमच्या मुलाच्या पायातली अर्धी जादू तिथलीच असणार. पण ६०-६५ मीटर रुंदीच्या मैदानावर बॉल पलीकडच्या लाइनवर असताना आपण कुठे उभं राहायचं, हे जाळीच्या आत कधी शिकायलाच मिळत नाही. मग मोठ्या मैदानावर तो पोरगा बॉलला टक लावून उभा राहतो. कुणी ‘सेकंड पोस्ट!’ ओरडेपर्यंत विंगर त्याच्या खांद्यामागून पुढे निघालेला असतो.

तर त्याच्याकडून घोटून घ्यायची गोष्ट ही. सरावात डाव्या बाजूला एक क्रॉस टाकणारा ठेवा. तुमचा राइट बॅक लांबच्या पोलजवळ, त्याच्या मागे तीन-चार पावलांवर समोरच्या विंगरच्या भूमिकेत एक पोरगा. क्रॉस टाकणारा बॉल घेऊन लाइनकडे निघाला की मागच्या पोराने हात वर करून बोटं दाखवायची, दोन, चार, पाच, मनाला येईल ती आणि सारखी बदलायची. बॉल सुटायच्या आत राइट बॅकने आकडा ओरडून सांगायचा. आकडा चुकला किंवा सांगायचाच राहिला, तर क्रॉस अडवला तरी तो हिशेबात धरायचा नाही. पहिल्या दिवशी तो वैतागेल, कारण बॉलवरून नजर काढली की आपण हरवलो असं त्याला वाटतं. मग अंगाची ठेवण दाखवा. छाती सरळ बॉलकडे नाही. पाठ गोललाइनच्या बाजूला, शरीर तिरकं, म्हणजे एका नजरेत क्रॉस टाकणारा आणि मान थोडी फिरवली की मागचा माणूस. मागच्या माणसापेक्षा अर्धं पाऊल गोलच्या बाजूला. हात त्याच्या छातीला टेकेल इतकं जवळ, पण धरायचं नाही, धरलं की पेनल्टी. क्रॉस यायच्या क्षणी टाचांवर उभं नाही, चवड्यांवर. इतकंच. रोज वीस मिनिटं, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावर थोडं आणखी, कारण मॅचमध्ये हा गोल कंटाळलेल्या मिनिटालाच होतो.

कीपरलाही यात ओढा. मागचा माणूस त्याला समोर दिसत असतो. आपल्याकडचे बरेच कीपर बॉल सुटल्यावर ओरडतात, तेव्हा ओरडून काय उपयोग?

आता विंगवर टाकण्याबद्दल. तुमचे जोडीदार कोच म्हणतात ते ऐकायला बरोबर वाटतं: पुढे चांगला खेळतो ना, मग पुढेच ठेवा, मागचा प्रश्नच मिटला. पण तो पुढे चांगला का खेळतो, हे बघा. राइट बॅकला बॉल मिळतो तेव्हा सगळं मैदान त्याच्या समोर असतं आणि सगळ्यात जवळचा विरोधी बऱ्याचदा आठ-दहा मीटरवर. बॉल थांबवायला, मान वर करायला, स्ट्रायकर कुठे निघालाय ते बघायला त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. वर धावत जातो तेव्हाही तो मागून येतो, कुणी मार्किंगला नसतं. विंगरला हे सुख नाही. त्याला बॉल मिळतो तेव्हा अनेकदा पाठ गोलकडे आणि बॅक कमरेला चिकटलेला. तिथे लागतो तो वळण्याचा झटका आणि पहिल्या दोन पावलांचा वेग. तुमच्या मुलाकडे तो आहे का? प्रश्नात त्याच्या क्रॉसचं, पासचं, नजरेचं कौतुक आहे, ड्रिबलिंगचा एक शब्दही नाही. जागा बदललीत तर ज्या गुणासाठी बदलली तोच गुण निम्मा होईल.

उलट दिशेचा प्रवास मात्र अनेकदा जमतो आणि आपल्या जवळचंच उदाहरण आहे. मंदार राव देसाई गोव्याचा, एफसी गोवाकडून विंगर म्हणून खेळायचा. तिथले कोच सर्जिओ लोबेरा यांनी त्याला लेफ्ट बॅक केलं. पुढे लोबेरा मुंबई सिटीत आला, मंदारही आला आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने आयएसएलची (इंडियन सुपर लीग) लीग शील्ड, म्हणजे साखळीतल्या पहिल्या नंबरची, आणि ट्रॉफी दोन्ही उचलल्या. पण मंदार वर जायचा तेव्हा मध्ये अहमद जाहू ठाण मांडून असायचा आणि मागे मुर्तदा फॉलसारखा उंचापुरा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. एकटा बॅक बदलून भागत नाही.

इथे तुमच्या राइट हाफचं काम येतं. पुढे जाणारा बॅक खेळवणाऱ्या प्रत्येक चांगल्या संघाने मागचा हिशेब आधी केलेला असतो. गार्डिओलाच्या बार्सिलोनात दानी आल्वेस उजवीकडून वर जायचा तेव्हा डावीकडे अबिदाल बऱ्याचदा मागेच थांबायचा आणि मध्ये बुस्केट्स स्टॉपरांच्या जवळ उतरायचा. २००२ च्या ब्राझीलकडे तर दोन्ही बाजूंना वर धावणारे, काफू आणि रॉबेर्तो कार्लोस. म्हणून मागे लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनियर असे तीन स्टॉपर आणि त्यांच्या पुढे जिल्बेर्तो सिल्वा. काफू रिकामी जागा सोडून गेला अशी ओरड कुणी केली नाही, कारण ती रिकामी नव्हतीच.

तुमच्याकडे तीन स्टॉपर नसतील, नको. नियम साधा ठेवा. राइट बॅकने हाफलाइन ओलांडली की लेफ्ट बॅक जाग्यावर आणि उजव्या बाजूच्या हाफने पाच-सहा पावलं मागे, उजवीकडे सरकून थांबायचं. त्याने बॉल मागायचा नाही, हल्ला बघत उभं राहायचं. या वयाच्या पोराला बघत उभं राहणं ही शिक्षा वाटते. म्हणून ते काम कुणाला द्यायचं हे नीट ठरवा आणि मॅचनंतर सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्या. क्रॉसवर गोल झाला की टाळ्या क्रॉसवाल्याला मिळतात आणि तो पुढे जाऊ शकला ज्याच्यामुळे, त्याला घरी कुणी विचारत नाही.

एक गोष्ट जमेच्या बाजूला लिहायची राहून जाते. राइट बॅक वर गेला की समोरच्या लेफ्ट विंगरला ठरवावं लागतं. तो त्याच्यामागे पळत आला, तर त्यांचा सगळ्यात वेगवान पोरगा आपल्या गोलपासून पन्नास मीटर लांब बचाव करत बसलाय. असिस्ट न देताही बॅकने मोठं काम केलं. तो आला नाही, वरच उभा राहिला, तर मात्र सावध. अशा विंगरचा कोच जुगार खेळतोय. मग तुमच्या उजव्या स्टॉपरने त्या विंगरच्या जवळ सरकायचं आणि हाफने मधली जागा धरायची. हे दोघांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं पाहिजे, बाकावरून सांगायची वाट बघायची नाही.

खर्चाच्या बाजूला तो बॉल कुठे घालवतो ते लिहा. क्रॉस अडला, कॉर्नरच्या झेंड्याजवळ बॉल गेला, तर त्याचं मला काही वाटत नाही. तिथून आपल्या गोलपर्यंत यायला समोरच्यांना वेळ लागतो, तोवर पोरगा परत येतो. पण हाफलाइनच्या आसपास आत टाकलेला आडवा पास, ज्यात आपले दोन्ही स्टॉपर पांगलेले असतात, तो अडला की सरळ गोल समजा. नजर चांगली असलेल्या बॅकला हाच पास फार आवडतो, कारण तो दिसायला सुरेख असतो. तो बंद करू नका. एवढंच सांगा: मध्ये आपला माणूस बॉलकडे तोंड करून आणि मोकळा असेल तरच, नाहीतर लाइनवरून पुढे. शंका असेल तर लाइनवरून पुढे.

समोरासमोरच्या लढतीबद्दल थोडक्यात. बहुतेक पोरं उडी मारतात, टॅकल करायची घाई. दीड-दोन मीटरवर थांबायचं, शरीर तिरकं ठेवायचं, विंगरला लाइनकडे ढकलत न्यायचं. बॉल त्याच्या पायापासून सुटला की मगच पाय घालायचा. आपला मुलगा वेगाने कमी असेल तर अंतर थोडं जास्त. हे शिकवता येतं आणि सतराव्या वर्षी लवकर शिकतात.

मैदान कुठलं हेही बघा. पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर बॅकच्या मागे टाकलेला बॉल पाण्यात अडकून थांबतो आणि पोराला परतायला वेळ मिळतो. कूपरेजच्या कृत्रिम गवतावर, त्यातही ते ओलं असताना, तोच बॉल सरकत थेट बॉक्सपर्यंत जातो. एकाच पोराच्या एकाच धावेची किंमत दोन मैदानांवर दोन होते. कृत्रिम गवतावरच्या मॅचला त्याने वर जायची वेळ निवडायला हवी: बॉल आपल्या डाव्या बाजूला पक्का असताना निघायचं, मध्ये अजून हिसकाहिसकी चालू असताना नाही.

एप्रिल २०२३ पासून लिव्हरपूलने अलेक्झांडर-अर्नोल्डला बॉल आपल्याकडे असताना मधल्या फळीत आणायला सुरुवात केली, हे बघून तुम्हालाही मोह होईल. थांबा. मध्ये बॉल घेताना पाठीमागूनही माणूस येतो आणि मोकळ्या लाइनवर वाढलेल्या पोराला त्याची सवय नसते. वर्षभराने विचार करू. मुंबईचाच राहुल भेके राइट बॅक म्हणूनही खेळला आणि स्टॉपर म्हणूनही, २०२४ ची आयएसएल ट्रॉफी मुंबई सिटीने त्याच्याच कप्तानीत घेतली. बॅकला पुढे कुठली जागा सापडेल हे आज कुणी सांगू शकत नाही.

बसवायचं एकच कारण मला मान्य आहे. बॉल गेल्यावर तो परत धावत नसेल, कमरेवर हात ठेवून बघत असेल, तर त्याच मॅचमध्ये, त्याच मिनिटाला बाहेर काढा, मग असिस्ट कितीही असोत. दमल्यामुळे धावत नसेल तर गोष्ट वेगळी. विरारहून सकाळच्या गाडीत उभा राहून आलेला, नाश्त्याला एक वडापाव खाल्लेला पोरगा दुसऱ्या हाफमध्ये लाइन वरखाली करू शकत नाही, त्याला आळशी म्हणू नका. व्हिडिओत बघा: पहिल्या हाफमध्ये परत येतो आणि शेवटी येत नाही, म्हणजे दमसास कमी. पहिल्या पाच मिनिटांतही येत नाही, म्हणजे सवय.

आणि शेवटच्या पंधरा मिनिटांचा प्रश्न. एका गोलची आघाडी आहे आणि समोर ताज्या दमाचा वेगवान विंगर उतरला आहे. तेव्हा राइट बॅकच्या जागी सरळसाधा, फक्त अडवणारा मुलगा आणायला हरकत नाही. मात्र आपल्या पोराला बाहेर काढू नका, त्याला एक जागा पुढे सरकवा. फ्री किक आणि कॉर्नर त्याच्याच पायावर राहू देत. तेवढ्या वेळासाठी विंग चालते, कारण समोरचे सगळे पुढे आलेले असतात आणि त्याला पुन्हा मोकळी जागा मिळते. फक्त हे वडिलांना मॅचच्या आधीच सांगून ठेवा. नाहीतर पोरगा शेवटची पंधरा मिनिटं विंगवर दिसला म्हणून ते खूश होतील आणि पुढच्या शनिवारी जोडीदार कोचना सोबत घेऊन तीच मागणी करत गेटवर उभे राहतील.